ताई, ‘सहाशे पंचवीस’ घेऊ का? : दाढदुखी आणि अँटिबायोटिक, वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी ब्रश कसा करायचा यावर लिहिलं होतं, पण त्यावर जी पत्रं आणि मेसेज आले त्यात ब्रशबद्दल कुणी काही विचारलंच नाही. सगळ्यांचा प्रश्न गोळ्यांचा. कुठली घेऊ, किती दिवस घेऊ, उरलेली चालेल का, मेडिकलवाल्याने दिलेली बरोबर आहे का. सोलापुरात दवाखाना चालवून मला २२ वर्षं झाली, आणि खुर्चीत बसायच्या आधी खिशातून अर्धी फोडलेली स्ट्रिप काढून दाखवणारे पेशंट मी रोज बघते, म्हणून या वेळचं सगळं पान यालाच दिलंय. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, भाग तेवढा ठेवलाय.

प्रश्न : मी यंत्रमागावर कामाला आहे, रात्रपाळी असते. खालची उजवी दाढ वर्षभर त्रास देतेय. दुखालं की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ६२५ आणि एक दुखायची गोळी घेतो, दोन दिवसात थांबतं. दोन-तीन महिन्यांनी परत चालू. या वेळी ५ दिवस खाऊनपण थांबेना. जास्त पॉवरची घ्यायला पाहिजे का? दवाखान्यात जायचं म्हणजे हजेरी बुडते. (पूर्व भाग)

उत्तर : दादा, पॉवर वाढवून काही होणार नाही, आणि का होणार नाही ते जरा सविस्तर सांगते कारण एकदा हे डोक्यात बसलं की पुढच्या वेळी तुम्ही स्वतःच मेडिकलच्या दारातून मागे फिराल.

६२५ म्हणजे ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड. औषध चांगलं आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण गोळी पोटातून रक्तात जाते आणि रक्त जिथे पोचतं तिथेच ती पोचते. दाताच्या आत जी नस असते ती मुळाच्या टोकाला असलेल्या बारीकशा भोकातून आत शिरते, अगदी सुईच्या अणीएवढं भोक. कीड खोल गेली की नस सुजते. हात सुजला तर कातडी ताणते, सुजेला जागा मिळते, पण दाताला चहूबाजूंनी दगडासारख्या भिंती, आतल्या आत दाब वाढतो आणि माणूस रात्री उशी डोक्यावर घेऊन बसतो. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो म्हणून ठणकापण वाढतो. मग काही दिवसांनी ती नस मरते, रक्त जाणं बंद होतं, आणि आतल्या पोकळीत मेलेली नस आणि जंतू एवढंच उरतं. आता सांगा, तुमची गोळी तिथे जाणार कुठल्या रस्त्याने?

मग दोन दिवसांत थांबत कसं होतं, हा प्रश्न तुमच्या मनात येणारच. एक तर बरोबरची दुखायची गोळी काम करते. दुसरं, नस मेली की दुखणं आपोआप थांबतं, ते बरं झाल्यामुळे नाही. आणि तिसरं, मुळाच्या टोकातून बाहेर हाडात जे जंतू आले असतात त्यांना गोळी दाबते, कारण हाडात रक्त आहे. पण दाढेच्या आतला साठा तसाच. गोळ्या संपल्या की तिथून नवीन जंतू खाली उतरतात. वर्षभर तुम्ही हेच करताय.

दुखणं कसं आहे त्यावरून बराच अंदाज येतो. थंड पाणी लागलं की झिणझिण्या येतात आणि लगेच जातात, तर नस अजून शाबूत आहे, चांदी-सिमेंट भरून वाचेल. चहा किंवा थंड लागल्यावर ठणका अर्धा-अर्धा तास राहतो, रात्री झोपेतून उठवतो, तर नस गेल्यात जमा आहे. आणि थंड-गरम काहीच कळत नाही पण कडक भाकरी दाढेखाली आली की जीव जातो, दाढ वर आल्यासारखी उंच वाटते, तर इन्फेक्शन मुळाच्या टोकापर्यंत पोचलंय. तुम्ही कुठल्या टप्प्यावर आहात ते बघितल्याशिवाय मी सांगणार नाही, पण वर्षभराची गोष्ट आहे म्हणजे शेवटचा टप्पा असण्याची शक्यता जास्त.

दुसऱ्या टप्प्यातल्या, म्हणजे नस सुजलेल्या ४० पेशंटवर केलेला एक अभ्यास २००० साली छापून आला होता. निम्म्यांना पेनिसिलिन दिलं आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, सगळ्यांना बरोबर पेनकिलर. दुखण्यात फरक पडला नाही, पेनकिलर किती लागल्या त्यातही नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली डॉक्टरांसाठी जे नियम काढले त्यातही हेच आहे, की निरोगी मोठ्या माणसाची नुसती दाढ दुखत असेल, किंवा दाढेपुरती पुळी असेल आणि उपचार लगेच होण्यासारखा असेल, तर अँटिबायोटिक देऊ नये. ताप, अंग मोडून येणं, सूज पसरणं असं काही असेल तर द्यावं.

म्हणून उपाय दोनच. दाढ उघडून आतली घाण काढून रूट कॅनाल करणं, नाहीतर दाढ काढणं. पैशाची अडचण मला कळते, पूर्व भागात आठवड्याच्या हप्त्यावर घर चालतं हे मी रोज बघते, पण वर्षभर तुम्ही ज्या स्ट्रिपा घेतल्या त्यांचा हिशोब एकदा कागदावर मांडून बघा. सिव्हिलला दातांचा विभाग आहे, रात्रपाळी सुटली की घरी न जाता सरळ तिथे जाऊन केसपेपर काढा, दाढ काढायला खाजगीपेक्षा खूप कमी पैसे लागतात आणि हजेरीपण बुडत नाही.

तोपर्यंत दुखण्यासाठी जेवल्यावर आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटॅमॉल ५०० मिळून दाढदुखीला चांगलं काम करतात. पण अल्सर, किडनीचा त्रास, दमा, रक्त पातळ करायच्या गोळ्या यातलं काहीही असेल, किंवा डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेन नको, नुसतं पॅरासिटॅमॉल. तेही ५०० च्या ८ गोळ्या दिवसाला ही शेवटची हद्द, रोज दारू पिणाऱ्याला आणि लिव्हर खराब असणाऱ्याला त्याहून बरीच कमी. मिक्स गोळ्यांत पॅरासिटॅमॉल आधीच असतं, ते मोजायला विसरू नका. आणि गोळी हिरडीवर कुटून लावू नका, अ‍ॅस्पिरिनने हिरडी पांढरी पडून सोललेली मी कितीतरी वेळा बघितली आहे. दाढेत तंबाखू धरणंही बंद करा.

प्रश्न : आई ५८ वर्षांची, शुगर आहे. डाव्या बाजूची खालची शेवटची दाढ दुखत होती, मेडिकलमधून ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलच्या गोळ्या आणल्या, ४ दिवस झाले. आता हनुवटीखाली सूज आलीये, तोंड नीट उघडत नाही, जेवण जात नाही. अजून एक-दोन दिवस वाट बघू का? (अक्कलकोट रोड)

उत्तर : हा मेसेज वाचला त्याच क्षणी मी या मुलीला फोन केला होता, त्यामुळे तिला उत्तर तेव्हाच मिळालंय. इथे लिहितेय ते बाकीच्यांसाठी, आणि या पानावरचं बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचाच.

फोनवर मी तिला तीन गोष्टी विचारल्या. आई आवंढा गिळू शकते का? लाळ बाहेर येतेय का? आवाज बदललाय का, तोंडात गरम बटाटा धरून बोलल्यासारखा? ती म्हणाली, “लाळ सारखी पुसावी लागते, आणि आडवं झालं की घुसमटतं म्हणून आई रात्रभर बसूनच आहे.” मी म्हटलं रिक्षा करा आणि आत्ता निघा, माझ्याकडे नको, मोठ्या हॉस्पिटलला जा, जिथे भूलतज्ज्ञ आणि आयसीयू आहे तिथे.

खालच्या शेवटच्या दोन दाढांची मुळं जबड्याच्या आत एका स्नायूच्या खालपर्यंत जातात. तोंडाचा तळ ज्याने धरलेला असतो तो हा स्नायू. पुढच्या दातांचा पू हिरडीवर पुळी होऊन फुटतो, दिसतो, पण या दाढांचा पू स्नायूच्या खाली, गळ्याकडे उतरतो. दोन्ही बाजूंना पसरला की हनुवटीखालची जागा लाकडासारखी कडक लागते, बोट रुतत नाही, जीभ वर आणि मागे ढकलली जाते आणि श्वासाची वाट बंद व्हायला लागते. याला लुडविग्ज अँजायना म्हणतात, विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८३६ साली याचं वर्णन केलं. अँटिबायोटिक यायच्या आधी यातले निम्म्याहून जास्त पेशंट दगावायचे, आणि आजही उशीर झाला तर दगावतात. श्वास बंद होऊन.

इथे अँटिबायोटिक लागतंच, तेही शिरेतून, आणि बरोबर चीर देऊन पू काढावा लागतो, दाढ काढावी लागते. पू साचला की त्याच्याभोवती एक भिंत तयार होते, आत रक्त जात नाही, म्हणून नुसत्या सलाईनमधल्या औषधानेही भागत नाही. ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल आपल्याकडे पोटासाठी सर्रास वापरतात आणि दाढेलाही तेच देतात, पण तोंडातल्या जंतूंसाठी ते पहिलं औषध नाहीच. पेनिसिलिनच्या घरातलं औषध पहिलं. त्या माऊलीचे ४ दिवस चुकीच्या गोळीत गेले याचं मला फार वाईट वाटतं, कारण पहिल्याच दिवशी दाढ काढली असती तर विषय तिथेच मिटला असता.

शुगरवाल्यांसाठी अजून एक. इन्फेक्शनने शुगर वाढते आणि शुगर वाढली की इन्फेक्शन फोफावतं, दोन्ही एकमेकांना ओढतात. दाढ सुजली आणि नेहमी ताब्यात असलेली शुगर अचानक ३०० च्या वर गेली तर गोळीचा डोस वाढवत बसण्याआधी तोंडात बघा. आणि जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन किंवा शुगरची गोळी मनानेच बंद करायची नाही, फोन करून विचारायचं.

गालाला बाहेरून गरम शेक देऊ नका. कितीतरी घरात तव्यावर फडकं गरम करून शेकतात, त्याने सूज बाहेरच्या बाजूला ओढली जाते आणि गालाला भोक पडून पू बाहेर येतो, त्याचा व्रण आयुष्यभर राहतो. शेकायचं तर आतून, कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरून.

आई ९ दिवसांनी घरी आल्या. मुलीने फोटो पाठवला, गळ्याला पट्टी आहे आणि हातात पातळ ज्वारीच्या पिठाच्या आंबिलाची वाटी.

प्रश्न : अक्कलदाढेला डॉक्टरांनी ५ दिवसांचा कोर्स दिला होता, २ दिवसांत बरं वाटलं म्हणून मी सोडला. ६ गोळ्या उरल्यात. आता मिस्टरांची हिरडी सुजलीये, त्यांना देऊ का? आणि कोर्स अर्धवट सोडला तर पुढे औषध लागू पडत नाही म्हणतात ते खरं का? (जुळे सोलापूर)

उत्तर : नका देऊ ताई. त्यांना पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे की नाही हे तुम्हाला माहिती आहे का? गोळी घेतल्यावर अंगावर गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, दम लागणं ही अ‍ॅलर्जी, आणि ती जिवावर बेतू शकते. (नुसतं मळमळलं किंवा दोन जुलाब झाले तर ती अ‍ॅलर्जी नाही, तो साइड इफेक्ट. पण खूप जण त्यालाच अ‍ॅलर्जी म्हणून सांगतात आणि मग डॉक्टरांना चांगलं औषध सोडून दुसऱ्या फळीतलं द्यावं लागतं, म्हणून नक्की काय झालं होतं ते सांगत जा.) शिवाय हिरडी सुजली ती बहुतेक वेळा दाताला चिकटलेल्या खड्यामुळे, नाहीतर फटीत काहीतरी अडकून बसल्यामुळे. शेंगदाण्याचं टरफल अडकून हिरडीला गळू झालेलं मी काढलंय, चिमट्यात एवढंसं लाल टरफल आलं आणि मागोमाग पू. ते टरफल कुठल्या गोळीने निघालं असतं?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर हल्लीचं मत थोडं बदललंय ते सांगते. आम्ही शिकलो तेव्हा कोर्स पूर्ण करा हे मंत्रासारखं पाठ होतं. आता तोंडाच्या इन्फेक्शनला ३ ते ७ दिवस पुरे धरतात, आणि तिसऱ्या दिवशी पेशंटला परत बघायचं, त्रास पूर्ण गेल्यावर आणखी एक दिवस चालू ठेवून थांबवायचं असं सांगतात. कारण जितके दिवस औषध जास्त तितके दिवस पोटातले, तोंडातले, कातडीवरचे सगळे जंतू त्या औषधाशी झुंजायला शिकतात, दाढेतलेच फक्त नाही. पण थांबवायचं ते डॉक्टरांनी बघून. तुम्ही मनाने सोडलंत तेव्हा दाढेवरच्या मांसाखाली काय शिल्लक आहे ते कुणी बघितलंच नव्हतं ना. अक्कलदाढेला अर्धवट उगवल्यामुळे वर मांसाचा पडदा असतो, त्याखाली अन्न कुजतं, आम्ही सिरिंजने तो धुतो आणि बऱ्याच जणांना तेवढंच पुरतं. ताप असेल, तोंड दोन बोटंपण उघडत नसेल तरच गोळी. ती दाढ एक्सरे काढून दाखवा, नाहीतर पावसाळ्यात परत दुखेल, उन्हाळ्यात परत दुखेल.

अलेक्झांडर फ्लेमिंगनी १९२८ साली पेनिसिलिन शोधलं आणि १९४५ साली नोबेल घेताना भाषणातच बजावलं होतं, की माणूस उगाच थोडं थोडं औषध घेईल आणि जंतू मरण्याऐवजी निबर होतील. तुमच्याकडच्या ६ गोळ्या म्हणजे दिवसाला २ प्रमाणे ३ दिवस, बरोबर तेच थोडं थोडं.

स्ट्रिपवर उभी लाल रेघ असते ती बघितली असेल, त्याचा अर्थ डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही. केंद्र सरकारने २०१६ साली त्याची मोहीम काढली होती. काही जोरकस अँटिबायोटिकसाठी तर मार्च २०१४ पासून मेडिकलवाल्याने वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहून ते ३ वर्षं जपायचं असा नियम आहे. नियम आहे आणि तरी दुकानात “दाढ दुखतेय” म्हटलं की गोळी मिळते, याचा मला मनापासून राग येतो. उरलेल्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून चहाच्या चोथ्यात मिसळून पुडी बांधून कचऱ्यात टाका, मोरीत नको.

प्रश्न : वडिलांच्या हृदयाची झडप ६ वर्षांपूर्वी बदलली आहे. दाढ काढायची आहे. एक डॉक्टर म्हणतात आधी गोळी घ्या, शेजारी म्हणतात हार्टवाल्याने दाढ काढूच नये. (होटगी रोड)

उत्तर : शेजाऱ्यांचं ऐकू नका, डॉक्टर बरोबर सांगतायत. हिरडीतून रक्त आलं की तोंडातले जंतू थोडा वेळ रक्तात फिरतात. निरोगी माणसाला त्याचं काही वाटत नाही, रोज ब्रश करतानाही ते होतं, पण कृत्रिम झडपेवर ते चिकटून बसले तर हृदयाच्या आत इन्फेक्शन होतं आणि ते फार वाईट. म्हणून दाढ काढायच्या ३० ते ६० मिनिटं आधी अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम एकदाच, म्हणजे ५०० च्या चार कॅप्सूल एकदम. दाढ काढल्यावर पुढे त्यासाठी आणखी गोळ्या लागत नाहीत. पेनिसिलिन चालत नसेल तर दुसरं औषध असतं, पण क्लिंडामायसिन २०२१ पासून अमेरिकन हार्ट असोसिएशनने यासाठी बंद करायला सांगितलंय कारण त्याने आतड्याला गंभीर जुलाब लागू शकतात.

ही आधीची गोळी कृत्रिम झडप, आधी एकदा असं इन्फेक्शन होऊन गेलेलं, जन्मापासूनचे काही ठराविक हृदयदोष, आणि हृदय बदललेल्या काही जणांनाच. स्टेंट, बायपास, बीपी यांना नाही. आणि वडील रक्त पातळ करायची गोळी घेत असणार, ती आपल्या मनाने बंद करू नका. आयएनआरचा, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणाऱ्या तपासणीचा, ताजा रिपोर्ट घेऊन जा. मुख्य म्हणजे सडकी दाढ तोंडात ठेवणं हाच त्यांच्या झडपेला मोठा धोका आहे, तेव्हा लांबवू नका.

प्रश्न : मला पाचवा महिना आहे, दाढ खूप दुखते. सासूबाई म्हणतात बाळंतपण होईपर्यंत कुठलीच गोळी नको, इंजेक्शन तर नाहीच. (बार्शी)

उत्तर : सासूबाईंची काळजी खरी आहे, त्यांना हे वाचून दाखव. चौथा ते सहावा महिना हा दातांच्या कामाला सगळ्यात सोयीचा काळ. बधिर करायचं लिग्नोकेनचं इंजेक्शन चालतं, दाढ उघडता येते, काढतापण येते, गरज पडली तर पोटावर अ‍ॅप्रन घालून एक्सरेही चालतो. दुखण्याला पॅरासिटॅमॉल. इन्फेक्शन पसरत असेल तर अमॉक्सिसिलिन गरोदरपणात वर्षानुवर्षं वापरलेलं आणि सुरक्षित मानलेलं औषध आहे. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या विसाव्या आठवड्यानंतर टाळायच्या, आणि डॉक्सीसायक्लिन, टेट्रासायक्लिन अजिबात नाही, त्याने बाळाचे दात कायमचे पिवळे-तपकिरी होतात. दुखणं अंगावर काढून न जेवता न झोपता चार महिने काढणं बाळासाठीही बरं नाही गं.

प्रश्न : मुलगा ४ वर्षांचा, दुधाच्या दाढेजवळ हिरडीला पुळी आली. सर्दीच्या वेळचं अँटिबायोटिक सिरप फ्रीजमध्ये आहे, द्यायचं का? दुधाचा दात तर पडणारच आहे ना? (मोहोळ)

उत्तर : ते सिरप टाकून द्या. पावडरमध्ये पाणी घातल्यावर ते साधारण आठवडाभरच चांगलं राहतं आणि आपल्याकडे मे महिन्यात लाइट गेली की फ्रीजचं कपाट होतं. डोस वजनावर असतो, चमच्यावर नाही. दुधाच्या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत टिकायला हव्यात, आणि त्यांच्या मुळांखालीच पक्की दाढ तयार होत असते, पू तिच्यापर्यंत पोचला तर ती डागाळलेली येते. पुळीतून पू वाहतोय, मूल खेळतंय, ताप नाही, तर औषधापेक्षा दाढेचं काम आधी. गाल किंवा डोळ्याखाली सूज आणि ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : मेट्रोनिडाझोल चालू आहे, तोंड कडू पडलंय. रविवारी लग्नात थोडी घेतली तर चालेल का? (विजापूर रोड)

उत्तर : नाही, गोळ्या संपल्यावरही २ दिवस नाही. उलट्या, धडधड, चेहरा लालबुंद असा त्रास होऊ शकतो. कडवट, लोखंडासारखी चव या औषधाचीच आहे, संपलं की जाते. वॉरफरिन ही रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मात्र आजच डॉक्टरांना सांगा, दोन्ही मिळून रक्तस्राव वाढतो.

प्रश्न : मी विड्या वळते, वय ४६. मिशरी लावायची सवय आहे. गालाच्या आत तोंड आलंय, अडीच महिने झाले. बी-कॉम्प्लेक्स झालं, अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, तिखट अजिबात खाववत नाही, शेंगा-चटणीपण नाही. अजून कुठली गोळी आहे का? तपासायला तुकडा काढतात म्हणे, पण लोखंड लागलं की पसरतं असं सगळ्या म्हणतात. (कुंभारी)

उत्तर : ताई, आता गोळी नको. नेहमीचं तोंड येणं, जे जागरणाने, पित्ताने, दात लागून होतं, ते एक-दोन आठवड्यात भरून येतं आणि ते जंतूंनी होतच नाही, म्हणून त्याला अँटिबायोटिक लागूच पडत नाही. उलट तीन कोर्सनी तोंडातले चांगले जंतू मेले की बुरशी वाढते, जिभेवर दह्याच्या सायीसारखा पांढरा थर येतो आणि आग वाढते. तुम्हाला तसा थर असेल तर त्याचं औषध वेगळं असतं.

पण माझी खरी काळजी दुसरी आहे आणि ती मी झाकून ठेवणार नाही. तोंडातली जखम ३ आठवड्यांत भरली नाही, आणि मिशरी-तंबाखू आहे, तर ती कॅन्सरची नाही ना हे बघायलाच लागतं. नसेलही. पण अडीच महिने फार झाले. आरशासमोर गाल ओढून बघा, कडा उंच आहेत का, बोट लावलं तर खालची जागा टणक लागते का, हनुवटीखाली किंवा गळ्यात गाठ लागते का, एखादा पांढरा किंवा लाल चट्टा आहे का. काहीच नाही लागलं तरी दाखवायचं आहेच.

तुकडा काढल्याने पसरत नाही. ही समजूत मी इतक्या वेळा ऐकली आहे आणि तिच्यामुळे उशिरा आलेल्या बायका मी बघितल्या आहेत, ज्यांची जखम आधी नखाएवढी होती. तुकडा मसुराच्या डाळीएवढा काढतात, जागा बधिर करून, एखाद-दुसरा टाका, तुम्ही त्याच दिवशी घरी. जखम लहान असताना आलं तर बरं व्हायची शक्यता खूप जास्त असते, गळ्यात गाठी आल्यावर ती कमी होते.

मिशरी आजपासून बंद करा. हिरडीला लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं वाटतं, दोन आठवडे त्रास होतो, मग जातो. सिव्हिलच्या दातांच्या विभागात या आठवड्यातच जा, घरातल्या कुणालातरी बरोबर घ्या, आणि तिन्ही कोर्सच्या रिकाम्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या, म्हणजे काय काय पोटात गेलंय ते डॉक्टरांना कळेल. सकाळी लवकर निघा, केसपेपरची रांग मोठी असते.